ती मऊ पडलीय

आमच्या डोंगरातल्या शहरात, लायतुमख्राच्या चढावर माझं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान मूळ मामाचं. तो गेल्यावर ते माझ्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर त्याची हत्यारं आली आणि त्याचा एक नियमही आला. गिऱ्हाईक येऊन जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, आपल्या खासी भाषेत, पानाच्या वरच्या अर्ध्यात उतरवायचं. आपलं शहाणपण खालच्या अर्ध्यात. मामा म्हणायचा, आधी त्याचं ऐक, मग लाकडाला हात लाव. मी हा नियम एकदाही मोडला नाही. मोडला असता तर आज मला बरं वाटलं असतं, कारण मग कागदावर काही उरलं नसतं.

हे सगळं मी बाह लाम्बोक थाबा यांच्याबद्दल लिहितेय. बाह म्हणजे दादा, आदरानं म्हणायचं. बाह मॉप्रेमला बायकोच्या घरी राहायचे. बायको वारली, घर मुलीचं झालं आणि बाह तिथेच राहिले. आमच्याकडे नवरा सासुरवाडीत जन्मभर दुसऱ्याचं लेकरूच असतो. कित्येकांना ते टोचतं. बाहना टोचलं नाही, कारण त्या घरातली पुढची खोली त्यांची होती आणि खोलीत गिटार होती. अकरा शिष्य होते. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या शेजारी त्यांची खुर्ची असायची. या शहरात तिशी ओलांडलेला जो कुणी गिटार वाजवतो त्याची बोटं पहिल्यांदा तारेवर बाहनी ठेवलेली असतात. माझीही त्यांनीच ठेवली होती. वाजवणं वजा केलं तर बाह लाम्बोकजवळ सांगण्यासारखं काही उरत नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

बोलणं मात्र फार कमी. गालात क्वाय, म्हणजे सुपारी-पानाचा तोबरा, आणि बोलताना कशाचं नाव घ्यायची सवय नाही. सगळं 'तो' आणि 'ती'वर भागवायचे. बायको हयात असताना त्यांना चिडवायची, "कोण ती? मी, तुमची गिटार, की चुलीवरची हंडी?" बाह नुसते हसायचे.

त्यांच्या साठीला मुलीनं, रिकिंतीनं, त्यांना नवी गिटार घेऊन दिली. नावाजलेल्या कंपनीची, दोन वर्षांच्या वॉरंटीची. पाच महिन्यांत तिची घोडी उचलली. सगळ्या तारांचा ताण ज्या लाकडी पट्टीवर असतो ती पट्टीच मागून सुटत होती. खाली पोस्टकार्ड सरकवलं तर अर्धं आत जायचं. मी ती अर्ध्या दिवसात चिकटवून दिली असती. पण माझ्या दुकानावर त्याच कंपनीची 'अधिकृत सेवा केंद्र' अशी पाटी होती आणि नियम असा की कंपनीनं होकार दिल्याशिवाय मी हात लावला तर वॉरंटी संपली. पाटी त्यांनी फुकट दिली होती, त्याबदल्यात लोकांच्या शिव्या खायचं काम माझं.

"काय म्हणते?" मी वही ओढत विचारलं.

"घोडी बघ, हेप." मी चाळिशीची झाले तरी बाहंसाठी हेपच, म्हणजे पोर.

"घोडी दिसतेय मला. वाजायला कशी आहे?"

बाहनी क्वाय या गालातून त्या गालात नेलं. "का ला जेम," ते म्हणाले. ती मऊ पडलीय. "करंगळीपाशी."

मी वरच्या अर्ध्यात तसंच लिहिलं: ती मऊ पडलीय, करंगळीपाशी. खाली माझं शहाणपण लिहिलं: घोडी उचलल्यामुळे वरच्या पडद्यांवर सूर दबतो. पान फाडून फाइलला लावलं, त्यावरून इंग्रजीत तक्रार केली आणि कंपनीला पाठवली. हे पहिलं पान.

तीन आठवड्यांनी फोन आला. गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, बिल रिकिंती खारबुली यांच्या नावावर आहे. तक्रार लाम्बोक थाबांची आहे."

"बाप-लेक आहेत."

"पण आडनाव वेगळं आहे."

"असणारच. मुलं आईचं आडनाव लावतात."

"मग हे वडील सावत्र आहेत का?"

"सख्खे आहेत."

"ठीक आहे मॅडम. मग वडिलांचं लग्नानंतरचं आडनाव कळवाल का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाकावर राग ही आमच्या घराण्याची देणगी आहे आणि मामापेक्षा ती मला जास्त मिळालीय. मी त्या मुलीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहना हा किस्सा सांगितला तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "सांग त्यांना, लग्नानंतर माझं काहीच राहिलं नाही," म्हणाले. मग वस्तीच्या मुखियाचा दाखला काढला, त्याचं इंग्रजी करून घेतलं, शिक्का मारला. त्यात दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत बाह दोनदा येऊन गेले. मी दरवेळी वही उघडली. दुसऱ्या पानावर आहे: तशीच आहे, जरा वाढलंय. तिसऱ्या पानावर जास्त मजकूर आहे. त्या दिवशी धुकं इतकं होतं की रस्त्यापलीकडची बेकरी दिसत नव्हती. बाह आत येऊन माझ्या स्टोव्हजवळ बसले.

"थंडीत जास्त," ते म्हणाले. "सकाळी तर ऐकतच नाही. आता करंगळीच्या शेजारीही. चुलीपाशी बसलो की बरी असते."

"चुलीपाशी? बाह, तिला चुलीपाशी न्यायचं नाही. वॉरंटी जाईल."

"थोडं मोहरीचं तेल चोळलं होतं."

"तेल?" मी पेन खाली ठेवलं. "तेल चोळलंत?"

"नको का?"

"मुळीच नको. कोरडी ठेवा. मऊ फडक्यात गुंडाळा. आणि वाजवत राहा रोज. पडून राहिली की आणखी बिघडते."

"किती वेळ?"

"जितका जमेल तितका."

बाहनी शहाण्या शिष्यासारखी मान हलवली आणि ते उठले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. बटणाच्या बाबतीत बाह फार काटेकोर. मला वाटलं, बायको गेली की पुरुष असे होतात.

कंपनीचं पुढचं पत्र आर्द्रतेबद्दल होतं. गिटार ठेवलेल्या खोलीत आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के होती याचा पुरावा द्या. इथे ढग एका खिडकीतून घरात येतो आणि मनाला येईल तेव्हा दुसऱ्या खिडकीतून जातो. त्याला टक्के कुणी विचारायचे? मी तसंच लिहून पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल एक छापील कागद पाठवला, ज्यावर एका वाळवंटी दिसणाऱ्या खोलीचं चित्र होतं. दर फोनला नवं नाव, नवा आवाज, आणि शेवटी तेच एक वाक्य: आपली तक्रार आमच्याकडे चालू आहे. ते वाक्य मला पुढे पुढे झोपेतही ऐकू यायचं.

मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. खरं सांगायचं तर मला त्यात रस वाटू लागला होता. आजवर शंभर गिऱ्हाइकांच्या तोंडाला कंपनीनं पानं पुसली होती आणि मी पाटीखाली मुकाट बसले होते. आता गिऱ्हाईक बाह लाम्बोक होते. शेजारचा चहावाला, समोरची बेकरीवाली, सगळ्यांची मी काँग, म्हणजे ताई. सगळे विचारायचे, "काँग आयतिलिन, आज काय म्हणाले ते?" आणि मी नकला करून दाखवायचे. बाह कोपऱ्यात बसून ऐकायचे. त्यांचा कप हल्ली दोन्ही हातांत असायचा. एकदा तो सुटला आणि फरशीवर फुटला. मी झाडू आणला आणि म्हणाले, "बाह, कपाची वॉरंटी नाही हं." सगळे हसले. बाहही हसले.

क्वाय बाह स्वतः लावायचे आणि सगळ्यांना द्यायचे. पानाला चुना लावायची त्यांची पद्धत अशी नाजूक की कुणाची जीभ कधी भाजली नाही. एक दिवस ते पान माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तूच लाव." मी लावलं. मनात काहीतरी खट्ट झालं, पण तेवढ्यात फोन वाजला, कंपनीचा होता, आणि मी पान त्यांच्या हातात कोंबून फोनकडे धावले.

पावसाळ्याच्या शेवटी रिकिंती दुकानात आली. शाळेत शिकवते, नीटनेटकी बाई. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काँग, पास्टरना कळू देऊ नका. मी सोहराला जाऊन आले. अंडं फोडून कौल बघणाऱ्याकडे."

"कशासाठी?"

"माझ्या पांसाठी. पा सतत म्हणतात, ती मऊ पडलीय. शिष्यही गळायला लागलेत, चार गेले. आई गेल्यापासून त्यांची रंगिएव खचलीय."

रंगिएव म्हणजे माणसाच्या अंगावरचं न दिसणारं तेज. ती घट्ट असली की वाईट गोष्टी वाट सोडून जातात, मऊ पडली की वास काढत दारापर्यंत येतात. चर्चला जाणारेही हे मानतात, फक्त चर्चमध्ये बोलत नाहीत.

"आणि अंड्यात काय निघालं?"

"कवचाचे तुकडे पालथे पडले. तो म्हणाला, घरात काहीतरी आधीच आत आलंय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मी चिडले. "अगं, रंगिएव नाही, गिटार मऊ पडलीय," मी म्हणाले. "माझ्याकडे आठ पानं आहेत लिहिलेली. तू अंडी कसली फोडतेस? कंपनीच्या माणसाचं डोकं फोडायला हवं."

ती जराशी हसली, पण जाताना दारात थांबली. "ते रोज पाच-पाच तास वाजवतात, काँग. तुम्हीच सांगितलंय म्हणे. उठतात तेव्हा चेहरा राखेसारखा असतो."

"वाजवून वाजवूनच लाकडाचा सूर उघडतो," मी म्हणाले.

ऑक्टोबरात कंपनी नमली. गिटार बदलून मिळाली. मी खोकं उघडलं, तारा जुळवल्या, पडदा न् पडदा वाजवून पाहिला. घंटेसारखी होती. बाहना बोलावलं. त्यांनी मांडीवर घेतली, चर्चमधलं एक सोपं गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीत सूर दबला. पुन्हा केलं, पुन्हा दबला. बाहनी गिटार हळूच खाली ठेवली.

"हीसुद्धा?" मी विचारलं.

"तीच, हेप," बाह म्हणाले. "तीच आहे."

मी लिहिलं: तीच आहे. खाली लिहिलं: बदली गिटारीतही तोच दोष, संपूर्ण मालच सदोष असावा.

माझ्या हातात वाजत होती, हे मी विसरले नव्हते. रात्री-बेरात्री तो प्रश्न डोकं वर काढायचाच. पण मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. माझी बोटं पकड-पाना धरणारी, माझे कान यंत्राच्या आवाजानं बधिर. बाहना जे ऐकू येतं ते मला ऐकू येत नाही, मग माझ्या हातात वाजली म्हणून काय झालं? आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर इतका विश्वास असतो की त्यांच्याकडे पाहायचं राहून जातं.

हिवाळाभर पत्रं चालली. दहावं पान, बारावं, पंधरावं. बाहंचे शब्द कमी कमी होत गेले. एका पानावर फक्त एवढंच आहे: आता जवळजवळ नाहीच. चर्चमधली खुर्ची त्यांनी स्वतःहून सोडली, म्हणाले, चांगली गिटार येईपर्यंत नको. मी तेही कंपनीला कळवलं, ग्राहकाच्या मानसिक त्रासाचा मुद्दा म्हणून. मला तो मुद्दा फार आवडला होता.

एप्रिलात कंपनीनं व्हिडिओ मागितला. सूर दबतो तिथला, जवळून घेतलेला, चांगल्या उजेडातला. भर दुपारी दुकानाच्या खिडकीपाशी बाहना बसवलं, मी फोन त्यांच्या डाव्या हाताजवळ धरला. त्यांनी वाजवलं. मी मनात म्हटलं, आता सुटत नाहीत बेटे.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. व्हिडिओ पाहिला. गिटारीत दोष आढळत नाही. ग्राहकाची दोन बोटं तारेवर टेकत नाहीत. ही बाब वॉरंटीत बसत नाही.

बाह लाम्बोकना बोट टेकवता येत नाही? ज्या माणसानं अर्ध्या शहराला बोटं टेकवायला शिकवलं त्याला? मी तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसले, आणि त्यांचं खोटं सेकंदासकट दाखवून द्यावं म्हणून व्हिडिओ लावला.

तारांकडे पाहत होते. मग थांबवून मोठा केला. बाहंची करंगळी तारेपासून लांब, आत वळलेली होती, झोपलेल्या पाखराच्या नखीसारखी. शेजारचं बोट तारेपर्यंत येत होतं आणि थरथरून परत जात होतं. आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधला जो मांसल भाग असतो तो नव्हताच. तिथे खड्डा होता. त्यात सावली पडली होती.

आमच्या भाषेत गिटार 'ती' आहे. रंगिएवही 'ती'. आणि हातही 'ती'.

मी दुकान उघडंच टाकून मॉप्रेमला गेले. बाह पुढच्या खोलीत वाजवत बसले होते. डावं कोपर दुमडून टेबलाच्या कडेवर टेकवलेलं, हाताला आधार म्हणून. उरलेली सात पोरंही सोडून गेल्यापासून शिकायला येणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ते वाजवत होते. रोज, जितका जमेल तितका वेळ. हाताला मऊ फडकं गुंडाळलेलं होतं. कोरडं.

"हात दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी फडकं सोडून हात पुढे केला. मी तो पहिल्यांदाच पाहिला असं म्हटलं तरी चालेल. थंडगार होता.

"कधीपासून असं?"

"आहे थोडे दिवस," बाह म्हणाले. "वयाचं असेल."

मी काय समजत होते ते मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात घेऊन गेले. तारखा आठवतील म्हणून फाइल बरोबर घेतली.

बाहना सुया टोचून तपासायला आतल्या खोलीत नेलं. बाहेर डॉक्टरबाईंनी विचारलं, कधी सुरू झालं, कसं वाढलं. मी फाइल पुढे केली. बाई आमच्यातल्याच, जोवाईकडच्या. त्यांनी पानाचा वरचा भाग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ती मऊ पडलीय, करंगळीपाशी. थंडीत जास्त. सकाळी ऐकत नाही. आता करंगळीच्या शेजारीही. चुलीपाशी बरी असते. एकदाही त्यांनी विचारलं नाही की 'ती' कोण. विचारायची गरजच नव्हती.

"हे तुम्ही लिहिलंत? फार छान," त्या म्हणाल्या. "घरची माणसं इतकी नीट नोंद ठेवत नाहीत." मग त्यांनी तिसऱ्या पानावर पेनाचं टोपण ठेवलं. "कोपरापाशी नस दबलीय. इथे, या पानाला आणलं असतंत तर ती मोकळी करून हात बराचसा परत आला असता. आता नस मोकळी करू, दुखणं थांबेल. पण जे मांस गेलं ते येणार नाही. तास न् तास कोपर दुमडून ठेवणं, टेबलावर रेटणं, सगळं उलटंच झालंय. त्यांना कुणी सांगितलं होतं का असं करायला?"

मी पुढचं पान उलटून दाखवलं.

"आणि तिसऱ्या पानानंतर एवढी पानं तुम्ही नुसती लिहीत बसलात?" त्यांची नजर पहिल्यांदाच खालच्या अर्ध्यावर गेली. "हे घोडी, वॉरंटी, काय आहे?"

मी फाइल मिटून मांडीवर घेतली.

शस्त्रक्रिया झाली. दुखणं थांबलं. करंगळी आणि शेजारचं बोट तसंच आत वळलेलं राहिलं. बाह आता डाव्या हातात पिशवी अडकवू शकतात, छत्री धरू शकतात. तारेवर बोटं टेकत नाहीत. पुढच्या खोलीत रिकिंतीनं वह्या तपासायचं टेबल आणून ठेवलंय, आणि बाह स्वयंपाकघरात चुलीजवळ बसतात. कुणी म्हटलं नाही त्यांना. स्वतःच तिथे गेले.

रिकिंतीचं दुःख रागावर निघतं. माझंही तसंच असतं, म्हणून मला कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर ती बापाला बोलते. "एका शब्दानं बोलले नाहीत हे. वर्षभर हात वाळत होता आणि कुणाला एक शब्द नाही. मी या घरात मेले होते का?" आणि बाह खाली मान घालून म्हणतात, "माझंच चुकलं. मला बोलता येत नाही." माझ्यासमोर हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दरवेळी चहा पिऊन मी उठून आले. 'ती मऊ पडलीय' हे तिनं रंगिएवबद्दलच ऐकलं होतं, म्हणून ते हाताचं सांगत होते हे तिच्या ध्यानात येत नव्हतं. मला मात्र सगळं शब्दन् शब्द पाठ होतं. घरी येताना स्वतःला म्हणायचे, त्यांना आता सांगून काय होणार, हात थोडाच परत येणार आहे. हे खरं होतं, आणि त्याआड लपायला मला बरं पडत होतं.

मग गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. मी जिंकले होते. त्या वर्षीच्या त्या गिटारींच्या घोड्या सदोष होत्या हे त्यांनी मान्य केलं, माफी मागितली आणि त्यांच्याकडची सगळ्यात उंची गिटार भरपाई म्हणून पाठवली. सोबत तक्रार बंद करण्याचा कागद होता. त्यावर छापलं होतं: ग्राहकाने तक्रारीची सर्व पाने वाचून शेवटी सही करावी. नेहमी मी नुसतं शेवटचं पान पुढे करते आणि म्हणते, इथे करा सही. कुणी वाचत नाही.

शनिवारी दुपारी बाह आणि रिकिंती आले. खोकं काउंटरवर होतं. बाहनी उजव्या हातानं झाकण उचललं, आतल्या लाकडाकडे पाहिलं आणि अलगद पुन्हा लावलं. "देखणी आहे," म्हणाले.

"देखणी आहे," रिकिंती म्हणाली, "आणि वेळेवर तोंड उघडलं असतंत तर आज वाजवलीही असतीत."

"हो," बाह म्हणाले. "माझंच चुकलं."

मी शेवटचं पान सुटं करून हातात धरलं होतं. सकाळपासून तेच ठरवलं होतं. ते मी परत फाइलला लावलं आणि अख्खी फाइल बाहंसमोर ठेवली. "वाचून सही करायचीय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "वरचा भाग वाचा. तुमचे शब्द आहेत. खालचे माझे."

बाहनी खिशातून चष्मा काढला. पहिलं पान वाचायला त्यांना वेळ लागला. वर, मग खाली, मग पुन्हा वर. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर ते थांबले. चुलीपाशी, तेल, मऊ फडकं, सगळं होतं त्यात. त्यांचं उजवं बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं आणि ओठ हलत होते. रिकिंती घड्याळ बघत होती.

"रिकिंती," बाह म्हणाले. "इकडे ये. हे बघ." त्यांनी पान तिच्याकडे फिरवलं, आणि इतक्या महिन्यांत मी त्यांची मान अशी ताठ पाहिली नव्हती. "मी सांगितलं होतं."

रिकिंती वाकून वाचू लागली. बाहनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं वाचून होईस्तोवर ते थांबले, मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. अजून सोळा पानं बाकी होती.